काड्यापेटीतला संसार

घरात नऊ वर्षांची मुलगी असली, की कोणता प्रश्न केव्हा उभा राहील याचा नेम नसतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे घराचा प्रश्न उभा राहिला. म्हणजे आमच्या घराचा नव्हे. नेरूळमधल्या आमच्या घराचे हप्ते आमचे हे इमानेइतबारे भरत आहेत, नि आणखी सात वर्षं भरणार आहेत. प्रश्न होता बाहुलीच्या घराचा.

त्याचं असं झालं. आमची कन्यका एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नि परत आली ती तोंड एवढंसं करून. त्या मैत्रिणीला तिच्या मामानं बाहुलीचं दुमजली घर दिलं होतं. त्याला जिना होता, न्हाणीघर होतं, आणि कळ दाबली की दिवाणखान्यात दिवा लागत होता.

"आई, तिच्या बाहुलीला स्वतःची खोली आहे," कन्यका म्हणाली.

या वाक्याचा रोख बाहुलीवर नव्हता, हे मला कळलं. दोनच महिन्यांपूर्वी माझी आई आमच्याकडे राहायला आली होती. वाशीची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, बाबा चार वर्षांपूर्वीच गेलेले. तेव्हा आईला नि तिच्या अकरा खोक्यांना घेऊन मी नेरूळला आले. कन्यकेच्या खोलीत आजीचा पलंग आला. कन्यकेनं तक्रार केली नव्हती. पण बाहुलीच्या आडून माणसं पुष्कळ काही बोलतात, नि मुलं तर बोलतातच.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं किंमत सांगितली. ती ऐकून हे गंभीरपणे म्हणाले, "एवढ्यात खऱ्या घराचा इसार देऊन होईल!" कन्यकेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आणि त्या क्षणी, कशी कोण जाणे, माझ्या तोंडून प्रतिज्ञा निघून गेली, "त्यात काय आहे एवढं? आपण घरीच करू! टाकाऊपासून टिकाऊ!"

वाचकहो, हे शब्द शाळेत आपण सर्वांनी ऐकले आहेत. कार्यानुभवाच्या तासाला बाई ते फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही ते वहीत उतरवून घरी आईसमोर धरायचो. मग रात्री जागून आई वस्तू करायची, सकाळी आम्ही ती शाळेत न्यायचो, बाई आईला दहापैकी आठ गुण द्यायच्या आणि ते आमच्या प्रगतिपुस्तकात चढायचे. तेव्हा माझ्या हस्तकौशल्याचा पाया किती भक्कम होता, हे सांगायला नको.

पहिली अडचण काड्यापेट्यांची आली. बाहुलीच्या घरातलं कपाट, टेबल, पलंग, सोफा या सगळ्यांचं मूळ शेवटी काड्यापेटीतच असतं. पण आमच्या घरी गॅस पेटतो लायटरनं. देवापुढच्या निरांजनासाठी एक काड्यापेटी असते, ती चार महिने पुरते. यांना विडीकाडीचं व्यसन नाही. लग्न ठरताना ज्या गुणाचं मी कौतुक केलं होतं, तो असा आडवा येईल असं वाटलं नव्हतं! शेवटी वाण्याकडून दहा पेट्यांचं पुडकं आणलं. पूर्वी पन्नास पैशांत मिळणारी काड्यापेटी २००७ मध्ये एक रुपयाला झाली, आणि डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना मिळते. शिवकाशीकडच्या कारखानदारांनी चौदा वर्षांनी एका रुपयानं भाव वाढवला, तेवढ्यावरही लोक कुरकुरले. दोन रुपयांत एक खण मिळतो, म्हणजे सहा खणांचं कपाट बारा रुपयांत, हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

आता सामान जमू लागलं. टूथपेस्टची टोपणं, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, आइसक्रीमच्या काड्या, संपलेल्या रिफिली, तुटक्या बांगड्या, पिस्त्यांची टरफलं, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. आमची कामवाली बाई केर काढताना प्रत्येक वस्तू उचलून विचारू लागली, "ताई, हे टाकायचं का याचं घर व्हायचंय?"

हे इंजिनियर असल्यामुळे त्यांनी सुरुवातच प्रमाणापासून केली. "इंचाला फूट," त्यांनी जाहीर केलं. जगभर म्हणे हेच प्रमाण धरतात. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बाहुलीचं एक घर बांधलं गेलं, तेही याच प्रमाणात. बांधणारा गृहस्थ साधासुधा नव्हे, तर ज्यानं नवी दिल्ली आखली तो सर एडविन ल्युटेन्स! त्या घरातल्या नळांना पाणी येतं, दिव्यांना वीज आहे, आणि ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी स्वहस्ते लिहिलेली बोटाएवढी पुस्तकं आहेत. कॉनन डॉयलनं त्यासाठी शेरलॉक होम्सची एक चिमुकली गोष्ट मुद्दाम लिहून दिली. ते घर आजही विंडसरच्या किल्ल्यात लोक रांगा लावून पाहतात. यांनी हे सगळं सांगितलं आणि कागदावर हिशेब मांडला : काड्यापेटी म्हणजे दोन फूट, सोड्याचं बूच म्हणजे सव्वा फुटाची परात. हिशेब अगदी चोख होता. त्या हिशेबानं आम्ही पहिला सोफा केला, आणि बाहुलीला त्यावर बसवताच तो चारी पाय पसरून खाली बसला.

दुसरा सोफा एका बाजूला कलला. तिसऱ्याला मी इतकं फेविकॉल लावलं, की तो टेबलाला चिकटला आणि टेबल सोडायला तयार होईना.

आई हे सगळं खिडकीशी बसून पाहत होती. आमच्याकडे आल्यापासून ती खिडकीशीच बसे. चाळीस वर्षांहून अधिक काळ जिनं आपल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून डबे काढले, ती आता ओट्यापाशी येऊन मला विचारी, "साखर कुठं ठेवतेस गं?" मी सांगे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. तिला आठवत नसे असं नव्हे. दुसऱ्याच्या घरातले डबे विचारल्यावाचून उघडायचे नाहीत, हा तिचा शिरस्ता होता. तो शिरस्ता ती लेकीच्या घरात पाळत होती, आणि मला ते रोज थोडं थोडं टोचत होतं.

चौथ्या सोफ्याला मी पाय चिकटवायला घेतले, तेव्हा खिडकीतून आवाज आला, "पाय आधी लावू नयेत. बैठक वाळू द्यावी."

मी मान वर केली. आई उठून टेबलापाशी आली होती.

"आणि हा कागद आडवा कापलायस तू. उभा काप. पुठ्ठ्यालासुद्धा धागा असतो, कापडासारखा. आडवा कापला की वाकतो."

नंतरच्या पंधरा दिवसांत आमच्या घराचा कारभार कुणाच्या हाती गेला, हे वेगळं सांगायला नको. आईनं फेविकॉलची बाटली बाजूला सारली आणि वाटीभर गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. "यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही," ती म्हणाली, "पण पोर हाताळणार, तेव्हा नको." प्लॅस्टिकला भोक पाडायचं तर सुई तापवून घ्यायची, कातरीनं टोचत बसायचं नाही. लाकडी चिमट्याची तार काढली की दोन पाकळ्या निघतात, त्या उलट्या जोडल्या की खुर्चीची पाठ नि मागचे पाय एकदम तयार होतात. हिंगाच्या डबीचं पिंप झालं. पिस्त्याच्या टरफलाचं हात धुवायचं भांडं झालं. बांगडीला आतून चांदी लावून आरसा झाला. रिफिलीच्या नळीवर पडदे चढले. तुटक्या खोट्या माळेच्या साखळीवर आइसक्रीमच्या काड्यांचा झोपाळा टांगला, तेव्हा कन्यकेनं टाळ्या पिटल्या. हे आपली फूटपट्टी घेऊन मागे उभे होते. त्यांनी झोपाळा मोजला. साडेचार इंच. "प्रमाणात आहे हो, आई!" ते थक्क होऊन म्हणाले. "तुम्ही मोजलंत कधी?"

"मोजायचं काय त्यात? झोपाळा केवढा असतो ते काय मला ठाऊक नाही?" आई म्हणाली.

घराचा सांगाडा आला तो वाशीच्या फळबाजारातून. मे महिन्यात आणलेली हापूसची लाकडी पेटी गच्चीवर पडली होती. ती उभी केली, मध्ये फळी ठोकली, झाले दोन मजले. आठ दिवस त्या घरात आंब्याचा वास होता. ल्युटेन्ससाहेबाला नसेल सुचलं!

काम करता करता माझ्या मनात एक विचार आला. साहेबाच्या देशातल्या मुलींना खेळायला बाहुलीचं घर मिळालं. आमच्या मुलींना मिळाली भातुकली. पुण्याच्या विलास करंदीकरांनी जुन्या भातुकलीचा मोठा संग्रह केला आहे, नि त्याची प्रदर्शनंही भरवली आहेत. भातुकली म्हटली की चूल आहे, जातं आहे, बंब आहे, पातेली, पळ्या, झारे, सगळं बोटाएवढं. पण खुर्ची शोधायला जाल तर मुश्किल! एक तर आपल्या घरांतून पाट, चौरंग, झोपाळा सोडला तर बसायचं सामान असायचंच कुठं? आणि दुसरं म्हणजे, त्या घरातल्या बाईला बसायची सवड तरी कुठं होती?

हा विचार मला इतका आवडला, की मी तो मोठ्यानं बोलून दाखवला. वर्गात शिकवायची सवय, काय करणार! आई काही बोलली नाही. खळ ढवळत राहिली.

खरं तर हा विचार मला नवा नव्हता. एकोणीस-वीस वर्षांपूर्वी याच विषयावर मी आईला एक व्याख्यान दिलं होतं. ते रुखवतावर होतं.

ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. बाबांनी १९८१ साली वाशीला सिडकोचं घर घेतलं. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला होता, पण रेल्वेगाडी यायला १९९२ उजाडायचं होतं. आमचं शहरच मुळी आधी कागदावर मांडलेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. आखीव रस्ते, क्रमांकाची सेक्टरं, आणि त्यात गिरगाव, सातारा, रत्नागिरी अशा कुठून कुठून आलेली माणसं. नातेवाईक पुलापलीकडे. मग मुलीचं लग्न निघालं की धावून यायच्या त्या शेजारणी.

आणि रुखवत म्हटलं की माझी आई. रुखवत म्हणजे मुळात वरपक्षाला पाठवायचा फराळ. पण लाडू-अनारशांच्या शेजारी हळूहळू कलाकुसर येऊन बसली आणि मग तिनंच टेबल व्यापलं. आमच्या वसाहतीतल्या निम्म्या मुलींच्या रुखवतात आईच्या हातचं काही ना काही होतं. सुपाऱ्यांचे भटजी, नारळाचे नवरानवरी, काड्यापेट्यांचा दिवाणखाना, बुचांच्या परातींनी भरलेलं स्वयंपाकघर. लोक कार्यालयात टेबलाभोवती गर्दी करत, "कुणी केलं हो?" म्हणून विचारत, आणि उत्तर मिळे, "आमच्या शेजारच्या काकूंनी." संध्याकाळी ते खोक्यात भरलं जाई. पुढं त्याचं काय होई, कुणी पाहिलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नुकती कॉलेजात शिकवू लागले होते. वर्गात रांगणेकरांचं १९४२ मधलं 'कुलवधू' शिकवताना त्याच्यामागच्या इब्सेनच्या नाटकावर मी तास तास बोलत असे. तशात एका रविवारी आईनं विचारलं, "रुखवत कसं मांडायचं गं?" मी उसळलेच. म्हटलं, "लग्न नोंदणी पद्धतीनं होणार, आणि रुखवत मुळीच नको. मुलीला बाहुली समजायचं, तिच्यासोबत खेळण्यातली चूल पाठवायची, म्हणजे तिथं जाऊन काय करायचं ते तिला कळावं! इब्सेनच्या नोरानं १८७९ मध्ये ज्या घराचं दार आपटून बंद केलं, त्या घरात मी २००६ मध्ये वाजतगाजत शिरू?"

वाक्य छान जमलं होतं. हे तेव्हा तिथंच बसले होते आणि भारावून गेले होते. आता विचारलं तर आठवत नाही म्हणतात.

आई तेव्हाही काही बोलली नव्हती. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तर आता पुन्हा आंब्याच्या पेटीकडे. घर जवळजवळ पुरं झालं होतं. वरच्या मजल्यावरची एक खोली तेवढी रिकामी होती. कपाटाला कड्या लावायला बारीक मणी हवे होते. आई म्हणाली, "माझ्या सामानात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा आहे बघ. त्यात असतील."

अकरा खोक्यांपैकी नवव्यात डबा सापडला. वरच्या थरात मणी होते, टिचबटणं होती, अंगुस्तान होतं, गंजलेलं ब्लेड होतं. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या होत्या. कन्यकेनं एक पुडी सोडली. मला पुड्यांचे कागद वाचायची जुनी खोड आहे. कागदावर तारीख होती डिसेंबर २००५ ची.

माझं लग्न फेब्रुवारीत झालं. ते व्याख्यान दिलं होतं संक्रांतीनंतरच्या रविवारी.

पुड्या एकेक सुटू लागल्या. पहिल्यांदा निघाला पलंग. त्याचे चार पाय म्हणजे पेन्सिलींचे थोटके होते, आणि त्यांच्या टोकांवर दातांच्या खुणा होत्या. पेन्सिली चावायची सवय आमच्या घरात एकटीला होती. पलंगावरची गादी माझ्या दुसरीतल्या निळ्या ठिपक्यांच्या फ्रॉकची. मग लाकडी रिळाचं टेबल. त्यावर टूथपेस्टच्या टोपणाचा दिवा, मान वाकवून उभा असलेला. एक खुर्ची. आणि शेवटी जुन्या, लाकडाच्या पातळ चोयीच्या काड्यापेट्या रचून केलेलं एक कपाट. त्यात पुस्तकं होती. मी मोजली. सोळा. प्रत्येकाला पुठ्ठा, शिवण, पाठीवर नाव घालायची सोनेरी पट्टी. आतली पानं माझ्या एम. ए. च्या वह्यांतली, उरलेल्या कोऱ्या भागातून कापलेली. एका पानाच्या कडेला माझ्याच अक्षरातली अर्धी ओळ राहून गेली होती.

कन्यकेनं सगळं टेबलावर मांडलं. डब्यात हात घालून तळ चाचपला. मग म्हणाली, "आजी, यात स्वयंपाकघर कुठंय?"

आई मणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला कुठं येत होता स्वयंपाक!"

हे मोठ्यानं हसले. कन्यका हसली. मीही हसले, पण मला चष्मा पुसावा लागला.

मग रात्री, कन्यका झोपल्यावर, मी आईला विचारलं, "तेव्हा दाखवलं का नाहीस?"

"दाखवून काय? तुला रुखवत नको होतं."

"पण हे रुखवत कुठं आहे, आई?"

"रुखवत नाही तर काय? टेबलावर मांडायचं, लोकांनी बघायचं. मला आपलं वाटलं, लोकांना कळू दे, आमची मुलगी काय घेऊन आली ते." जरा थांबून ती म्हणाली, "तू बोललीस ते खोटं नव्हतं. मीच किती मुलींच्या चुली केल्या. मागायचे तसं करून द्यायची. तुझं कुणी मागितलं नव्हतं, म्हणून मनासारखं केलं."

व्याख्यान देण्यात माझी हयात गेली, पण या एका वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. वर्षानुवर्षं मी मुलांना शिकवत आले, की नाटकात न बोललेलं वाक्य ऐकायला शिका. आणि माझ्याच घरात एक वाक्य एकोणीस वर्षं बिस्किटांच्या डब्यात पडून होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची खोली भरली. पलंग, टेबल, दिवा, सोळा पुस्तकं. मला वाटलं, कन्यका म्हणेल ही बाहुलीची खोली. थोडंसं असंही वाटलं, की म्हणेल ही आईची खोली. पण तिनं बराच वेळ विचार केला, आणि काड्यापेटीच्या कागदावर आपल्या गिरमिट अक्षरात लिहून दाराला पाटी चिकटवली : "आजीची खोली. आत येताना विचारावे."

यंदा दिवाळीत आमच्या गच्चीवर मुलांनी किल्ला केला आहे. त्याच्या पायथ्याशी आंब्याच्या पेटीतलं ते घर ठेवलं आहे. कन्यकेचं म्हणणं, किल्ल्याखाली गाव हवंच. ज्या मैत्रिणीच्या घरात दिवा लागतो, तीही येऊन पाहून गेली. जाताना तिनं हळूच विचारलं, "काकू, तुमच्या आजी माझ्यासाठी एक झोपाळा करून देतील?" आई म्हणाली, "आधी तू एक कर. मोडला की माझ्याकडे ये."

आणि हो, एक सांगायचं राहिलं. आईनं परवा स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनासारखे लावून घेतले. साखर कुठं आहे, ते आता मलाच तिला विचारावं लागतं.